काळ्या मातीतला फुटबॉल: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : आमच्या कॉलेजचं मैदान कृष्णाकाठच्या काळ्या मातीचं. ऐन हंगामात पाऊस पडला की दोन-दोन दिवस सराव बंद, आणि ऊन पडलं की भेगा. मैदान नव्यानं करायला पैसे नाहीत. काय करता येईल? (क्रीडाशिक्षक, मिरज)

उत्तर : काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तो तिचा स्वभाव आहे, त्यामुळे मोडायला जाऊ नका. आधी एक चूक टाळा : वरून चार ब्रास वाळू पसरून पाणी मुरेल, हा समज. चिकणमातीत थोडीशी वाळू कालवली तर ती वाळल्यावर विटेसारखी घट्ट बसते आणि पाणी आणखी तुंबतं. पाणी मुरवण्यापेक्षा ते वाहून जायला वाट द्या. मैदानाची रुंदी 60 मीटर धरली तर मधल्या रेषेपासून बाजूच्या रेषेपर्यंत 30 मीटर होतात. तेवढ्यात 30 सेंटिमीटर उतार मिळाला, म्हणजे एक टक्का, तर साचलेलं पाणी आपोआप कडेला जातं. खेळताना हा उतार जाणवत नाही. कडेला फूटभर रुंद, दीड फूट खोल चर काढून त्यात खडी भरा आणि त्याचं तोंड ओढ्याकडे किंवा गटाराकडे न्या. तोंड न काढलेला चर म्हणजे नुसता लांबट खड्डा.

हे काम उन्हाळ्याचं. हंगामात करायचं ते वेगळं : रोलर वाफसा आल्याशिवाय फिरवायचा नाही. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटानं टोचा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, बोट रुतलं तर नाही. ओल्या मातीवर रोलर फिरवला की वर फरशीसारखा थर धरतो आणि पुढचा पाऊस त्यावरच तळं करतो. भेगांमध्ये चाळलेली तीच माती भरा, मुरूम किंवा खडीचा चुरा नको, कारण पडल्यावर गुडघे तोच सोलतो. सर्वांत आधी खराब होतो तो गोलपोस्टसमोरचा तुकडा. सरावाचे गोल दर आठवड्याला जागा बदलून लावा, म्हणजे सामन्याचा गोल शाबूत राहील.

आखणीला फक्कीच वापरा. कळीचा चुना ओल्या अंगाला, डोळ्यांना भाजतो, आणि पडलेल्या पोराचं तोंड नेमकं रेषेवरच असतं. कोपरा काटकोनात आणायला सुतळीवर 9, 12 आणि 15 मीटरचा त्रिकोण धरा.

प्रश्न : चिखलात पोरं सारखी घसरतात. बूट तर नवे आहेत. (विद्यार्थी, इस्लामपूर)

उत्तर : बूट नवे असतील, पण स्टड, म्हणजे तळव्याखालचे खुंट, कोणते? खाली दहा-बारा आखूड स्टड असतील तर त्यांच्यामध्ये माती दाटते आणि तळव्याला भाकरी चिकटल्यागत होतं. मग पकड स्टडची राहत नाही, त्या भाकरीची राहते. चिखलाला मोजके, लांब, एकमेकांपासून दूर असलेले स्टड लागतात, साधारण सहा. तेच बूट वाळलेल्या, टणक मैदानावर घालू नका. पाय रुतून बसतो, अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. दोन जोड परवडत नसतील तर आखूड स्टडवालेच घ्या आणि चिखलात हाफटाइमला काडीनं माती काढा. ओले बूट उन्हात किंवा गॅसजवळ ठेवले की तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा.

प्रश्न : विभागीय स्पर्धेला दहा आठवडे आहेत. अठरा पोरं, सराव संध्याकाळी दीड तास. आखणी कशी करावी? (कऱ्हाड)

उत्तर : शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय सामन्यांत हरलात की संपलं. सामनेही अनेकदा लागोपाठच्या दिवशी येतात. त्यामुळे तयारी लीगची नको, बाद पद्धतीची हवी. पहिले तीन आठवडे दम आणि ताकद, पण चेंडूसकट. नुसत्या फेऱ्या मारून पोरं कंटाळतात आणि दांड्या सुरू होतात. पुढचे चार आठवडे 30 बाय 20 मीटरच्या चौकटीत चार विरुद्ध चार, चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असे चार डाव. आठव्या-नवव्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस पूर्ण सामने खेळवा. कोण दुसऱ्या दिवशी बसतो ते तेव्हाच कळू दे. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा, वेग मात्र तोच ठेवा. इथेच बहुतेक संघ घाबरून जास्त पळतात आणि जड पायांनी मैदानात उतरतात.

पेनल्टीचा सराव दमल्यावर, अगदी शेवटी घ्या. अठरात दोन गोलकीपर हवेतच. आणि दहावीची गुणपत्रिका, बारावीची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती, ओळखपत्र यांची फाईल पहिल्याच आठवड्यात लावा. पात्रता अर्जावर नावाचं स्पेलिंग गुणपत्रिकेशी जुळलं नाही म्हणून चांगला खेळाडू बाहेर बसण्यासारखं दुखणं नाही.

प्रश्न : मांडीची मागची शीर ओढली. आठ दिवसांत दुखायचं थांबलं, खेळलो, परत ओढली. (विटा)

उत्तर : दुखणं थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे. जिथे धागे तुटले तिथे नवी जुळणी होते, पण ताणल्यावर जोर लावायची ताकद तिच्यात उशिरा येते, आणि पूर्ण वेगात धावताना मांडीला नेमकं तेच करावं लागतं. परतायचं तर क्रमानं : पाय पूर्ण ताणून दुखत नाही, दोन्ही पायांची ताकद सारखी वाटते, मग 60 टक्के वेगानं धावा, एक दिवस सोडून 80, पुन्हा एक दिवस सोडून पूर्ण. मध्ये कुठे ओढ लागली तर मागच्या पायरीवर या. ओढताना ‘टक्’ आवाज आला असेल किंवा मांडी काळीनिळी झाली असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

पुन्हा होऊ नये म्हणून गुडघ्यांवर बसा, जोडीदाराला घोटे धरायला सांगा आणि कंबर न मोडता हळूहळू पुढे झुका. आठवड्यातून एकदा पाच-पाचचे दोन सेट, मग वाढवा. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस मांड्या ठणकतात. सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत करू नका.

प्रश्न : चेंडू महिन्यात अंड्यासारखा होतो. (वाई)

उत्तर : त्यावर बसता ना? तेही एक कारण. दुसरं, पंप हाताला लागेल तेवढा मारणं. नियमात हवेचा दाब 8.5 ते 15.6 पीएसआय (दाब मोजायचं एकक) चालतो, तुमच्या चेंडूचा आकडा व्हॉल्व्हजवळ छापलेला असतो. सुई कोरडी खुपसू नका, ग्लिसरीनचा थेंब लावा. हंगाम संपल्यावर हवा थोडी काढून सावलीत ठेवा.

प्रश्न : गोलकीपरनं चेंडू धरून ठेवला तर आता कॉर्नर मिळतो, हे खरं का? (सांगली)

उत्तर : खरं. 1 जुलै 2025 पासूनच्या नियमांत हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरला की विरोधी संघाला कॉर्नर. पूर्वी मर्यादा सहा सेकंदांची होती आणि इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) मिळायची, पण ती क्वचितच दिली जाई. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून बोटांनी मोजतो. तुमच्या कीपरला चेंडू घेतल्यावर जमिनीवर लोळायची सवय असेल तर ती सरावातच मोडा. एका बचावपटूला मोठ्यानं आकडे मोजायला लावा.