आई-वडिलांचा घटस्फोट झालेला असेल तर मुलांच्या लग्नात खरंच अडचण येते का?

येते, पण पूर्वीइतकी नाही. पुण्या-मुंबईत ‘आई-वडील वेगळे राहतात’ म्हटलं की बहुतेक जण मान डोलावून पुढे पत्रिकेकडे वळतात. लहान गावांत मात्र ‘मग मुलीवर संस्कार कोणी केले?’ हे अजून ऐकू येतं. गंमत म्हणजे वडील वारले असतील तर हाच प्रश्न कोणी विचारत नाही, उलट आईचं कौतुक होतं.

माझ्या मावसबहिणीच्या वेळी स्थळाकडच्यांनी सगळं मान्य केलं, आणि गाडी अडली कुठे, तर देवक कोण बसवणार यावर! जोडपं हवं म्हणे. मामा-मामी बसले, कन्यादानही त्यांनीच केलं. मावशी, जिने एकटीने वाढवलं, ती मागे अक्षता वाटत होती. मला ते अजून खुपतं. हल्ली काही गुरुजी एकट्या आईच्या हातून कन्यादान करून देतात, आधी विचारून ठेवा.

कागदांचा त्रास तरी कमी झालाय. पासपोर्टला 2016 च्या अखेरीपासून एकाच पालकाचं नाव चालतं, आणि महाराष्ट्रात 1 मे 2024 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं.

तुमच्यासाठी एवढंच: पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगून टाका. लपवलं आणि नंतर कळलं, तर घटस्फोटापेक्षा लपवण्याचाच जास्त बोभाटा होतो.