हॉर्न तपासणारा पोरगा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २३ वर्षांचा आहे, कुपवाड एमआयडीसीत पॉवर प्रेसवर काम करतो. शिफ्ट फिरती असते. आम्हा चौघांचा रॉक बँड आहे, त्यात मी गातो. ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या रॉक बँडचे गायक ऑझी ऑस्बर्न गेले तेव्हा वाचलं की तेही कामगाराच्या घरातले. वडील म्हणतात, ‘गोऱ्यांचं सांगू नको, तिकडं सगळं आयतं मिळतं.’ ऑझींना खरंच सगळं आयतं मिळालं होतं का? आणि मी नोकरी सोडू का?

उत्तर : बाळा, आयतं काहीच नव्हतं. बर्मिंगहॅम शहरातला अ‍ॅस्टन हा कारखान्यांना चिकटलेला भाग. तिथं झोपायच्या दोन खोल्यांच्या घरात सहा भावंडं आणि आईवडील. ऑझीचा जन्म डिसेंबर १९४८ चा. वडील जीईसी कंपनीत टूलमेकर, रात्रपाळीला. आई लुकासच्या कारखान्यात, दिवसपाळीला. आपल्याकडं ट्रकच्या सेल्फ स्टार्टरवर लुकास-टीव्हीएस असं नाव वाचतोस ना, त्यातलंच हे लुकास. एक माणूस कामावरून येतोय, दुसरं डबा भरून निघतंय, आणि पोरांनी आवाज करायचा नाही कारण कुणीतरी झोपलंय. माधवनगरात गिरणी कामगाराच्या घरी मी अशीच वाढले. म्हणून ते घर मला न बघताही दिसतं.

पंधराव्या वर्षी त्यानं शाळा सोडली. बांधकामावर बिगारी, प्लंबरच्या हाताखाली, कत्तलखान्यात. आईच्याच कारखान्यात गाड्यांचे हॉर्न तपासून सूर लावायचं कामही केलं. दिवसभर कानाशी हॉर्न! मग कपड्याच्या दुकानात चोरी केली, सापडला. दंड भरायला पैसे नव्हते आणि वडिलांनी मुद्दामच भरला नाही. पोराला सहा आठवड्यांची शिक्षा झाली.

पुढचं मात्र तुझ्या वडिलांना मोठ्यानं वाचून दाखव. त्याच वडिलांनी नंतर कर्ज काढून पोराला माईक, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर असा संच घेऊन दिला. रात्रपाळी करणाऱ्या, सहा पोरांच्या बापानं. पोराचं गाणं त्यांना कितपत कळत होतं कोण जाणे, पण घेऊन दिला. त्या वेळी स्वतःचा संच असलेला गायक बँडवाल्यांना हवाच असायचा. ऑझीनं वाद्यांच्या दुकानात चिठ्ठी लावली, गायकाला काम हवंय म्हणून. ती वाचून आधी गीझर बटलर आला. मग गिटार वाजवणारा टोनी आयोमी आणि ड्रमवाला बिल वॉर्ड. या चौघांचाच पुढं ब्लॅक सॅबथ झाला. आयोमी तर शाळेतला, एक इयत्ता पुढचा. त्याला आधी वाटलं, हा तो ऑझी नसणार, त्याला कुठं गाता येतं! चौघंही त्याच परिसरातली पोरं. तुमच्यासारखीच.

आता आयोमीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तू प्रेसवर आहेस. तो पत्र्याच्या कारखान्यात होता. सतरा वर्षांचा. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातल्या वरिष्ठानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. आगीत हात भाजून दोन बोटं निकामी झाली तरी गिटार वाजवणारा माणूस तो. मग आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं. हलक्या तारा बसवल्या. पुढं तारा उतरवून, खालच्या सुरात लावायला लागला, म्हणजे ताण कमी. ब्लॅक सॅबथचा तो जड, खोल नाद ऐकतोस ना, त्यात त्या तुटक्या बोटांचा वाटा आहे.

माझा धाकटा भाऊ ढोलकी वाजवायचा. गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्राला तोच असायचा. त्याचीही दोन बोटं प्रेसवर गेली. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली येऊ नये अशी त्या मशीनला सोय होती, पण नग जास्त निघावेत म्हणून एक बटण पट्टी लावून दाबून ठेवलं होतं. त्यानं ढोलकी खुंटीला अडकवली ती कायमची. आयोमीची गोष्ट तेव्हा मला माहीत असती, तर मी ती त्याला रोज सांगितली असती. तुझ्या मशीनच्या बटणावर अशी पट्टी असेल तर उद्या काढ. सुपरवायझर ओरडला तरी काढ.

नोकरी आत्ता सोडू नकोस. चौघांच्या पाळ्या जुळतात तो दिवस पक्का करा आणि त्या दिवशी लग्न असलं तरी तालीम चुकवू नका. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये जेमतेम एका दिवसात रेकॉर्ड झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० ला आला. एका दिवसात जमलं, कारण बर्मिंगहॅमचे पब आणि जर्मनीतलं हॅम्बुर्ग इथं वाजवून वाजवून ती गाणी अंगात मुरली होती. मंडपवाल्याच्या माईकवर गाणं थांबव. तुझा स्वतःचा एक चांगला माईक घे, बोनसमधून घे. आणि वडिलांना एकदा तालमीला बोलाव. समजावू नकोस, नुसतं बसव. लहानपणी ऑझी व्हिला पार्क या फुटबॉल मैदानाबाहेर लोकांच्या गाड्या राखून चिल्लर मिळवायचा. ५ जुलै २०२५ ला त्याच मैदानात तो शेवटचं गायला, पार्किन्सन्सच्या आजारानं उभं राहता येत नव्हतं म्हणून सिंहासनावर बसून. २२ जुलैला गेला. ते बघायला त्याचे वडील मात्र नव्हते, ते फार आधीच वारले होते.

प्रश्न : ऑझी यांना नीट वाचता येत नव्हतं असं माझा मुलगा सांगतो. तो आठवीत आहे, गाणी लगेच पाठ होतात पण वाचताना अडखळतो. शाळेत मार बसतो. – एक आई, तासगाव

उत्तर : हो, त्यांना डिस्लेक्सिया होता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचताना-लिहिताना अडखळायला होतं तो प्रकार, आणि शाळेत त्यांचीही फार हेटाळणी झाली. सॅबथची बहुतेक गाणी बटलरनं लिहिली, ऑझी चाली गुणगुणत शोधायचा. वहिनी, पोराला आळशी म्हणू नका आणि कुणाला म्हणूही देऊ नका. सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला पेपरात जादा वेळ मिळतो, म्हणून आठवीतच हालचाल करा. मारणाऱ्या शिक्षकांना भेटायला एकट्या जाऊ नका, भाऊंना सोबत घ्या. आणि धडे त्याला वाचून दाखवा, मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. गाणी कानानं पाठ होतात, तर इतिहासही होईल.