ई-मेल केला, पण सही राहिली

प्रश्न : सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात रात्री टेम्पोने घरगुती गॅस सिलिंडर येतात, गॅस ओढण्याच्या पंपाची मोटार चालते, जिन्यात वास येतो. पोलीस ठाण्याला ई-मेल केला. सहीसाठी फोन आला, पण नाव उघड होईल म्हणून तीन आठवड्यांनी गेलो. ‘फिर्याद नोंदलेलीच नाही’ म्हणाले. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिले म्हणून गाळेवाल्याने बदनामीची नोटीसही दिली आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमचे घोडे अडले ते त्या सहीपाशी. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा, गुन्ह्याची खबर ई-मेलने देता येते. मात्र खबर देणाऱ्याने तीन दिवसांत सही केली तरच ती नोंदली जाते. ठाण्यातून स्वतःहून फोन येऊनही तुम्ही गेला नाहीत, याला काय म्हणावे? अशी पत्रे मला वारंवार येतात आणि दर वेळी वाईट वाटते. अर्थात सही नव्हती म्हणून गाळ्यावर जाऊन पाहायला पोलिसांना कोणी मनाई केली नव्हती. वास जिन्यात येतो, वर माणसे झोपलेली असतात.

मुदत गेली ती त्या ई-मेलची. गुन्हा कळवण्याचा तुमचा हक्क शाबूत आहे. नवी लेखी फिर्याद द्या, तिथेच सही करा, प्रत मागून घ्या. ती विनामूल्य मिळते. पहिल्या ई-मेलची तारीख आणि उशीर का झाला हे त्यात लिहाच. भीती वाटली असेल तर तसेच लिहा. उशिराचा खुलासा नसला की बचाव पक्ष पहिला प्रश्न तोच विचारतो. घरगुती सिलिंडरमधला गॅस चोरून दुसरीकडे भरणे जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येते आणि त्या कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत, त्यामुळे ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो’ म्हणाले तर ऐकू नका. नोंद नाकारली तर तीच फिर्याद टपालाने वरिष्ठांकडे पाठवा आणि पावती जपा. त्यानंतरचा मार्ग दंडाधिकाऱ्यांचा, शपथपत्रासह. तिथे तारखा पडत राहतात, म्हणून ठाण्यातच काम होईल असे पाहा.

नावाचे म्हणाल, तर फिर्यादी झालात की नाव प्रथम खबर अहवालात (एफआयआरमध्ये) येणारच. नुसती खबर द्यायची असेल तर ती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसांवर करता येत नाही. पण मग पाठपुराव्याचा हक्क मागताना हात तोकडे पडतात.

नोटिशीबद्दल, मजकूर न पाहता, एवढेच सांगतो : अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला बदनामीच्या कलमात अपवाद आहे, ग्रुपवरच्या मजकुराला तो सहसा मिळत नाही. तिथे आता एक अक्षरही लिहू नका, लिहिलेले पुसूही नका. उत्तर वकिलामार्फतच द्या.

आज रात्री पुन्हा मोटार सुरू झाली, तर फिर्यादीची वाट न पाहता आधी ११२ लावा.