सत्तरचं बेअरिंग की एकोणीसशेचं?

प्रश्न : नमस्कार सर, मुलीला पॉटरीचं वेड लागलंय, म्हणून घरीच चाक बनवतोय. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर, पट्टा, २० एमएमचा उभा शाफ्ट आणि लोखंडी अँगलची फ्रेम. ६२०४ नंबरची दोन बेअरिंग लागतील असं वेल्डिंगवाला म्हणाला. दुकानात एक ७० रुपयांचं दाखवलं, एक २८० चं, आणि ऑनलाइन एक 'पी-५ प्रिसिजन' म्हणून १९०० ला आहे. स्वस्त घेतलं तर दोन महिन्यात जाईल का? की एकदाच महागातलं घेऊन मोकळं व्हावं? – एक वाचक, सांगली

उत्तर : १९०० वालं आत्ताच डोक्यातून काढून टाका. पी-५ म्हणजे मापं जास्त काटेकोर आणि फिरताना डगमग कमी, बस्स, ते ज्यादा वजन पेलतं किंवा चिखलात जास्त टिकतं असा त्याचा अर्थ होत नाही. मशीन टूलच्या स्पिंडलला त्याचा उपयोग, पण तुमच्या अँगलच्या फ्रेमला वेल्डिंग करतानाच दीड-दोन एमएमचा बाक येणार, तिथे बेअरिंगमधले मायक्रॉन मोजून काय करणार!

आता थोडा हिशोब बघा, मजेशीर आहे. चांगल्या ६२०४ ची कॅटलॉगमधली डायनॅमिक क्षमता, म्हणजे ज्या भाराखाली ते साधारण एक दशलक्ष फेरे टिकतं तो भार, १३०० किलोच्या आसपास असते. तुमची थाळी, माती, मुलीच्या हाताचा दाब, पट्ट्याची ओढ सगळं सढळ हाताने धरून ६५ किलो भार म्हणू. क्षमता भाराच्या २० पट, आणि आयुष्य त्या पटीच्या घनात वाढतं, म्हणजे ८००० दशलक्ष फेरे. मिनिटाला २०० फेरे आणि रोज ३ तास धरले तर ६०० वर्षं! ७० वाल्याची ताकद निम्मीच धरा, आयुष्य आठपट कमी होईल, तरी ७५ वर्षं उरतातच की.

मग घरगुती चाकांची बेअरिंग वर्षभरात खरखरायला का लागतात, तर ती भाराने मरत नाहीत, मातीच्या पाण्याने मरतात. थाळीवरून ओघळलेला राडा शाफ्टवरून खाली येतो आणि थेट वरच्या बेअरिंगमध्ये जातो. म्हणून दुकानात किमतीच्या आधी नंबरच्या पुढची अक्षरं वाचा. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूला पत्र्याची झाकणं, ती धूळ अडवतात पण पाणी नाही. तुम्हाला टूआरएस पाहिजे, दोन्हीकडे रबरी सील. आणि वरच्या बेअरिंगच्या वर शाफ्टमध्ये जुन्या ट्यूबची एक गोल चकती घट्ट अडकवा, पाणी बाहेर फेकलं जातं. फुकटातला उपाय आहे, पण १९०० रुपयांपेक्षा जास्त कामाचा.

माझं मत, २८० वालं टूआरएसमध्ये घ्या. ७० वालं मोडेल म्हणून नाही, तर त्यात नवीन असतानाच कधीकधी प्ले म्हणजे ढिलेपणा असतो, ग्रीस नावापुरतं असतं आणि सील धड बसलेलं नसतं, आणि चाकावर हाताला तो प्ले लगेच जाणवतो. तरी बिननावाचं स्वस्त एकवेळ परवडलं, पण बॉक्सवर मोठ्या कंपनीचं नाव आणि किंमत ७० असेल तर हात लावू नका, डुप्लिकेट मालाचा धंदा जोरात आहे. ओळखीच्या दुकानातून बिलावर घ्या.

आणि हो, वेल्डिंगवाल्याला विचारा, सुट्या ६२०४ ऐवजी यूसीएफ-२०४ चालेल का. चार बोल्टचं फ्लँजवालं तयार ब्लॉक असतं, आतलं बेअरिंग थोडं कलू शकतं, त्यामुळे फ्रेमचा बाक ते सांभाळून घेतं. फक्त चाकाचं सगळं वजन त्याच्या ग्रब स्क्रूवर (शाफ्टला आवळणारा छोटा स्क्रू) टांगू नका, लेथवाल्याकडून शाफ्टला पायरी काढून घ्या. दोन बेअरिंगमध्ये निदान वीतभर अंतर ठेवा, नाहीतर थाळी डुलत राहील.

बसवताना मात्र जपून. मी स्वतः एकदा चांगलं महागाचं बेअरिंग बाहेरच्या रेसवर, म्हणजे बाहेरच्या कड्यावर, हातोडी मारत मारत शाफ्टवर चढवलं होतं, छर्‍यांचे वण रेसवर उमटले आणि पहिल्याच दिवशी टकटक सुरू. आठवडाभर दुकानदाराला शिव्या घातल्या, नंतर उघडून बघितलं तेव्हा कळलं चूक कोणाची. शाफ्टवर चढवताना आतल्या रेसवर बसेल असा पाइपचा तुकडा ठेवायचा आणि त्यावर हलके ठोके. वेल्डिंग राहिलं असेल तर बेअरिंग काढून मगच करा, त्यातून करंट गेला तर आत ठिणग्यांचे डाग पडतात.

प्रश्न : भंगारातून आणलेली बेअरिंग रॉकेलने धुऊन वापरली तर चालतील का? – दुसरे एक वाचक, सातारा

उत्तर : उघडी असतील तर धुवा, पूर्ण वाळवा, नवीन ग्रीस भरा आणि बोटाने हळू फिरवून बघा, कुठे अडकलं की परत भंगारात. रबरी सीलवाली धुवायला जाऊ नका, घाण आतच राहते आणि ग्रीस तेवढं पातळ होतं. आणि वाळवताना कंप्रेसरच्या हवेने गरगर फिरवायचा मोह होतो, तो आवरा, कोरड्या रेसवर ओरखडे पडतात आणि एखादं फुटलंच तर छर्रे सरळ तोंडावर येतात.