प्रत्यक्ष न भेटलेल्या ऑनलाइन मित्रमैत्रिणींना रोजचं घरातलं, पाळलेलं जनावर गेल्याचं दुःख सांगावं का?

सांगावं. तुम्ही लिहिलंय की मांजर गेलं, घरात कुणाला त्याचं विशेष काही वाटलं नाही, आणि ग्रुपवर लिहिलं तर लोक कंटाळतील अशी भीती वाटते. कंटाळणारे कंटाळू देत. आमच्या घरात याच गोष्टीवरून वाद झालाय आणि तो अजून मिटलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी लातूरची. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं असेल. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो रात्री-अपरात्री, आणि त्याच्या नळीतून गळणारं पाणी चाटायला एक गावरान पिल्लू यायचं. पांढरं, अंगावर पिवळे ठिपके. माणसाला पाणी नाही अन् कुत्र्याला कुठलं, असं म्हणणारे गल्लीत होतेच. मी तांदूळ धुतलेलं पाणी तिला ठेवायचे. ती आमची बुंदी.

मी मशीनवर बसले की बुंदी पायडलच्या कडेला हनुवटी टेकून झोपायची. पायडल हललं की तिचं डोकं खालीवर व्हायचं, पण उठायची नाही. अर्जंट ब्लाऊज असला तर मी पायाच्या अंगठ्यानं तिचा कान बाजूला सारायचे. ती एक डोळा उघडून बघायची, हनुवटी इंचभर सरकवायची अन् पुन्हा तिथंच. गिऱ्हाइकं आली की तिला ओलांडून यायची. धपाट्याची करपलेली कड तिला लागायची, मऊ भाग टाकून द्यायची.

हे सगळं माझ्या ग्रुपला माहीत होतं. लॉकडाऊनमध्ये मालिकांवर बोलता बोलता जमलेली आम्ही माणसं. कुणी कणकवलीची, कुणी डोंबिवलीची, एक नागपूरचे दादा, बँकेतून रिटायर झालेले. आज भाजी काय केली, गिऱ्हाइकानं पैसे बुडवले, पोराला मार्क कमी पडले, सगळं बोलतो. आणि भांडतो. २०२४ ला 'बिग बॉस मराठी'चा पाचवा सीझन चालू होता तेव्हा तर रोज. मी सूरज चव्हाणच्या बाजूनं, नागपूरचे दादा अभिजीत सावंतच्या. पहिल्या इंडियन आयडॉलचा विजेता आहे तो, त्याच्यापुढे तुमचा सूरज काय, हे त्यांचं पालुपद. त्या सीझनचे सूत्रसंचालक रितेश देशमुख आमच्या लातूरजवळच्या बाभळगावचे, म्हणून मी त्यांची बाजू घेईन असं सगळ्यांना वाटायचं. मी तेव्हाही सांगितलं, आताही सांगते, आधीचे सूत्रसंचालक महेश मांजरेकर स्पर्धकांची झाडाझडती घ्यायचे त्या 'चावडी'ला जी धार होती, ती रितेश यांच्या 'भाऊच्या धक्क्या'ला आली नाही. आपल्या गावचा माणूस म्हणून खोटं कशाला बोलायचं?

त्याच पावसाळ्यात बुंदीला गोचीड ताप आला. जेवण सुटलं, हिरड्या पांढऱ्याफटक, मग नाकातून रक्त. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर प्लेटलेट पार खाली गेलेल्या. गोळ्या, सलाइन सगळं झालं. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या रात्री ती गेली. ह्यांनी शेतात बांधावरच्या लिंबाखाली खोल खड्डा खणला आणि तिला पुरलं.

सकाळी घरात फुलोऱ्याची गडबड. माझे डोळे सुजलेले बघून थोरल्या जाऊबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "घरात लक्ष्म्या यायल्यात अन् तू कुत्र्यासाठी रडायलीस? सुतक धरायलीस का काय?" मी काही बोलले नाही. सोळा भाज्या निवडल्या, पुरण वाटलं. रात्री सगळे झोपल्यावर ग्रुपवर एवढंच लिहिलं, बुंदी गेली.

सगळ्यात आधी उत्तर आलं ते नागपूरच्या दादांचं, ज्यांच्याशी मी महिनाभर कडाकडा भांडत होते त्यांचं. त्यांनी 'देवाची इच्छा' लिहिलं नाही. विचारलं, "आता पायडलजवळ कोण बसणार हो ताई?" कणकवलीच्या मैत्रिणीनं तिच्या गेलेल्या बोक्याचा फोटो टाकला आणि मग आम्ही पहाटेपर्यंत बोलत बसलो. त्या माणसांनी बुंदीला हात लावला नव्हता, पण ती कुठे बसायची हे त्यांना ठाऊक होतं. रोजचं बारीकसारीक सांगत आल्यामुळेच ठाऊक होतं. आधी काहीच सांगितलेलं नसतं तर 'कुत्री गेली' एवढीच बातमी झाली असती.

हे जाऊबाईंना कळलं तेव्हा त्यांचं दुसरं सुरू. तोंड न पाहिलेल्या माणसांना घरातलं सांगतेस, चव्हाट्यावर मांडतेस. मला हे अजिबात पटत नाही. ज्यांची तोंडं मी रोज बघते त्यांच्यातल्या एकीनंही बुंदीचं नाव काढलं नाही. दुसरं आणणार का, एवढं मात्र विचारलं. आणि ह्याच जाऊबाई सप्ताहात कीर्तनाला पुढे बसतात. कुत्र्यानं पोळी पळवली तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून, ही गोष्ट ऐकताना त्यांच्या डोळ्यांना पदर लागतो. नरसी नामदेव काही लांब नाही, हिंगोलीलाच आहे. खंडोबाच्या आणि दत्ताच्या फोटोत कुत्रं असतं, त्यालाही आपण हात जोडतो. मग घरातल्या कुत्र्यासाठी रडलं तर सण कसा बाटतो?

तुम्ही विचारलंय की किती सांगावं. रोज थोडं सांगा, आणि दुसऱ्याचंही तेवढंच ऐका. मांजराचा फोटो जिवंतपणीचा टाका, शेवटचा टाकू नका, बघवत नाही. पत्ता, बँकेचं, गावाला कधी जाणार हे मात्र लिहू नका. मी लिहिते ते मोजक्या, जुन्या माणसांत. हजार माणसांच्या ग्रुपवर मीही लिहिणार नाही, तिथे हसणारे भेटतात. झोप आणि जेवण बरेच दिवस सुटलं तर मात्र डॉक्टरांकडे जा, ग्रुपवर भागणार नाही.

आणि मांजर उलट्या-जुलाबानं गेलं असेल तर लगेच दुसरं पिल्लू आणू नका. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक संसर्गजन्य जीवघेणा आजार, असेल तर त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो, नव्या पिल्लाला आधी लस लागते. तुम्ही मराठवाड्यातलेच असाल तर उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे विचारा.

घरातल्यांना समजावत बसू नका. मी यंदाच्या महालक्ष्म्यांतही जाऊबाईंना नामदेव महाराजांची गोष्ट काढून विचारलं. त्या म्हणाल्या, ते संत होते, तू कोण? मी त्यांना सांगितलं, पोळी माझ्या हातची होती आणि कुत्रीही माझी होती.