रेतीच्या प्रकरणात जप्त झालेला ट्रॅक्टर तहसीलच्या आवारात सडला. सरकारवर भरपाईचा दावा चालतो का?

चालतो, भाऊ. ‘सरकारवर दावा चालत नाही’ असं ज्या वकिलानं तुम्हाला सांगितलं, त्यानं १९६५ चा सर्वोच्च न्यायालयाचा कस्तुरीलाल निकाल वाचलाय आणि पुढचं वाचणं सोडून दिलंय. या निकालावरून माझं बार रूममध्ये भांडण जुनं आहे.

प्रकरण १९४७ चं, मेरठचं. पोलिसांनी एका व्यापाऱ्याचं सोनं-चांदी जप्त केलं. चांदी परत मिळाली. शंभर तोळ्यांवर सोनं मालखान्यातून, म्हणजे जप्त माल ठेवायच्या खोलीतून, हेड कॉन्स्टेबलनं लंपास केलं आणि तो पाकिस्तानात पळाला. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांचा हलगर्जीपणा मान्य केला. पण अटक-जप्ती हे सार्वभौम, म्हणजे राज्यसत्तेचंच काम, म्हणून भरपाई नाही. या विचाराचा मूळ पाया १८६१ च्या निकालाचा, कंपनी सरकारच्या जबाबदारीवर बेतलेला. संविधानाचं कलम ३०० तोच जुना हिशोब पुढे चालू ठेवतं. सरकारच्या जबाबदारीचा कायदा करा, असं न्यायालयानंच सुचवलं होतं. विधेयक आलं, पण कायदा झालाच नाही.

पण तुमच्या कामाचा निकाल १९६७ चा आहे, मेमन महोमद हाजी हसनचा. जुनागढला जप्त केलेले ट्रक बेवारस म्हणून विकून टाकले होते. न्यायालय म्हणालं, जप्ती कायदेशीर असली तरी माल सांभाळणं सरकारचं काम. परत द्या, नाहीतर किंमत द्या. १९९४ च्या नागेंद्र राव निकालात जप्त खत आणि धान्य खराब झालं, तिथंही सरकारला भरावं लागलं.

आता नोटीस. दिवाणी प्रक्रिया संहिता कलम ८०. नाव, पत्ता, दाव्याचं कारण, मागणी, चारही हवं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. २ महिने थांबा. नोटीस दिल्याचं वाक्य दाव्यात नसेल, तर सरकारी वकील पहिल्या तारखेलाच बोट ठेवतो. प्रतिवादी ‘महाराष्ट्र राज्य’ असावं. नुसत्या तहसीलदारावर दावा टाकणारे तिथंच अडकतात. दावा टाकायची मुदत १ वर्ष धरूनच चाला, कारण मुदत कायद्याचा अनुच्छेद ७२ पुढे केला जातो. नोटिशीचे २ महिने मोजणीतून वगळले जातात.

पुरावा म्हणजे जप्ती पंचनामा. त्यात टायर, बॅटरी, चालू स्थिती लिहिली नसेल, तर ‘ट्रॅक्टर आला तेव्हाच भंगार होता’ हे ऐकायची तयारी ठेवा. जुने फोटो, विमा, सर्व्हिसची बिलं गोळा करा. ताबा घेताना नवा पंचनामा मागा, मेकॅनिककडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या.

एक राहिलं. दंड आणि हमीपत्रावर सोडण्याचा आदेश हातात असताना तुम्हीच ट्रॅक्टर नेला नसेल, तर त्या तारखेनंतरचं नुकसान मागू नका. आणि दंडाच्या आदेशाविरुद्ध अपील केलं नसेल, तर आधी ते बघा.