डोकं थकतं, पण झोप येत नाही: दिनक्रम कुठून बदलायचा

तुम्ही लिहिलंय की दिवसभर बसून डोक्याचं काम असतं, संध्याकाळी डोकं जड होतं, तरी रात्री झोप लागत नाही आणि व्यायाम सुरू केला की दोन आठवड्यांत सुटतो. यात इच्छाशक्तीला दोष देऊ नका. डोकं दमलेलं आहे, अंग दमलेलं नाही, आणि मधली पोकळी चहा-कॉफीने भरली जातेय. म्हणून व्यायामाच्या आधी झोपेची घडी बसवा.

सुरुवात उठण्याच्या वेळेपासून करा. ठरवून झोप लागत नाही, पण ठरवून उठता येतं. सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त फरक नको. उठल्यावर तासाभरात 15-20 मिनिटं उघड्यावर चाला. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं आणि घरातला दिवा त्यापुढे फारच मंद असतो. ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर जाच.

मग कॅफिन, म्हणजे चहा-कॉफीतला तरतरी आणणारा घटक. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्यातूनच झोपेची ओढ तयार होते. कॅफिन हे अडेनोसिन काढून टाकत नाही, फक्त त्याचा परिणाम अडवतं. निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून बरेच जास्त. संध्याकाळी पाचला घेतलेला कप रात्री दहाला अर्धा अंगात असतो. शेवटचा कप दुपारी एक-दोनच्या आत घ्या. मात्र एकदम बंद केलंत तर 12 ते 24 तासांत डोकेदुखी आणि चिडचिड सुरू होते आणि बहुतेक जण तिथेच माघार घेतात. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा.

व्यायाम सुटतो तो बहुधा पहिल्या दिवशीच्या अतिउत्साहामुळे. तासभर घाम गाळला की पुढचे दोन-तीन दिवस अंग ठणकतं, खंड पडतो आणि तो खंड मोडतच नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते. पण तिथे पोहोचायला दोन महिने लागले तरी चालतील. पहिले दोन आठवडे रोज दहा मिनिटं भरभर चालणं पुरे. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, इतपत वेग. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि भिंतीला हात लावून दंड, प्रत्येकी 8-10 चे दोन फेरे. गुडघा किंवा छाती दुखली तर थांबा. जोरकस व्यायाम झोपायच्या लगेच आधी नको.

कामाबद्दल थोडक्यात: सगळ्यात अवघड काम दिवसाच्या ताज्या वेळेत घ्या. 50-60 मिनिटांनी उठा, पण उठण्याआधी पुढचं पाऊल एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे डोकं ते घोळत बसत नाही. या मधल्या सुट्टीत फोन उघडलात तर डोळे आणि लक्ष दोन्ही कामालाच जुंपलेले राहतात. ती विश्रांती धरूच नका.

झोप यावी म्हणून दारू घेत असाल तर ती सवय आधी मोडा, हे कळकळीने सांगतोय. तिने डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्री झोप तुटत राहते आणि सकाळी डोकं पुन्हा जड. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने ती अचानक सोडणं धोक्याचं असतं. अंग थरथरणं, झटके, भ्रम इथपर्यंत जाऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

हे सगळं चार ते सहा आठवडे नेटाने करून मगच परिणाम जोखा. पण दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव द्यावासा वाटत असेल तर आजच्या आज, जवळच्या माणसाला सोबत घेऊन जा.